थोरलीला तीन ऑफर, धाकट्याला एकही नाही

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. हे सहकारी बँकेतून निवृत्त झालेत. आमची दोन्ही मुलं पुण्यात एकाच कॉलेजातून इंजिनिअर झाली. थोरली २०२१ ला बाहेर पडली, तेव्हा शेवटचं सेमिस्टर संपायच्या आतच तिच्या हातात तीन ऑफर होत्या. धाकटा २०२३ ला ई अँड टीसीतून (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) चांगल्या मार्कांनी पास झाला. त्यालाही कॅम्पसमधून एका मोठ्या आयटी कंपनीचं ऑफर लेटर मिळालं होतं. पण जॉइनिंगची तारीख तीनदा पुढे गेली, मग पुन्हा परीक्षा घेतली, आणि शेवटी निवड रद्द झाल्याचा दोन ओळींचा मेल आला. पास होऊन आता दीड वर्ष होत आलं.

घरात रोज वाद होतात. हे म्हणतात, "तिला मिळते, मग तुला का नाही? देश आठ टक्क्यांनी वाढतोय, मग मंदी आहे कुठे?" तो हल्ली उत्तरच देत नाही. अकरा वाजता उठतो. कधी एम.टेक. करतो म्हणतो, कधी एमपीएससी. पुण्यातला एक जण अडीच लाख घेऊन 'मागच्या दाराने' कंपनीत लावून देतो म्हणतोय, आणि हे एफडी मोडायला तयार झालेत. पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे. तिथे जो तो विचारणार, मुलगा काय करतो? काय सांगू?

एक आई

उत्तर

ताई,

आधी एफडीचं बोलते, कारण ते थांबण्यासारखं नाही. एफडी मोडू नका. पैसे घेऊन मागच्या दाराने लावून देणाऱ्यांच्या दोन तऱ्हा असतात. एक जण पैसे घेतो आणि फोन बंद करतो. दुसरा खोटं अनुभवपत्र करून देतो. मुलगा कुठेतरी चार-सहा महिने कामालाही लागतो, मग कंपनी कागदपत्रांची पडताळणी करते आणि त्याला एका दिवसात बाहेर काढते. अडीच लाख जातात ते जातातच, वर खोटी कागदपत्रं दिल्याचा डाग त्याच्या नावाला लागतो आणि चांगला काळ आला तरी तो निघत नाही. आज तुमच्या मुलाला काम नाही, पण त्याच्या कागदांत खोटं काहीही नाही. हे जपायला हवं. त्या माणसाला आजच नाही म्हणून कळवा.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. ते रागाने विचारतात, पण प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. ते बँकेत होते, म्हणून आकड्यांतच सांगते.

२०२१-२२ या एका आर्थिक वर्षात एकट्या टीसीएसची माणसं १,०३,५४६ ने वाढली. आलेल्यांतून गेलेले वजा करून राहिलेला हा आकडा आहे. तुमची थोरली त्याच लाटेत आत गेली. २०२३-२४ मध्ये त्याच टीसीएसची माणसं १३,२४९ ने घटली. इन्फोसिसची २५,९९४ ने आणि विप्रोची २४,५१६ ने. या तिघींचीच बेरीज जवळजवळ ६४ हजार होते. तुमचा धाकटा नेमका त्या वर्षी दारात उभा होता. कॉलेज तेच, अभ्यासक्रम जवळपास तोच, घर तेच, संस्कार तेच. दोघांच्या मध्ये फक्त दोन वर्षं होती.

हे ६४ हजार लोक सगळे कामावरून काढले असं मात्र समजू नका. त्यातले बरेच जण आपणहून सोडून गेले आणि त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही. मंदी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हातात डबा घेऊन गेटबाहेर उभा असलेला कामगार येतो. तसंही होतं. पण बेरोजगारी वाढते ती बरीचशी दुसऱ्याच वाटेने. अमेरिकेत दर महिन्याला किती जणांचं काम गेलं आणि किती बेकारांना काम लागलं, याच्या जुन्या नोंदी आहेत. रॉबर्ट शायमर या अर्थशास्त्रज्ञांनी त्या तपासल्या, तेव्हा दिसलं की तेजी-मंदीबरोबर बेरोजगारी वर-खाली होते त्यात मोठा वाटा असतो तो बेकार माणसाला काम मिळण्याची शक्यता घटण्याचा. आतल्यांना काढण्याआधी कंपनी नवीन घेणं थांबवते. ते सोपं असतं, त्याची बातमी होत नाही, नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. आणि त्याचा सगळा भार पडतो तो अजून आतच न गेलेल्या मुलांवर.

त्यातच दुसरी गोष्ट घडते. २०२२ च्या मध्याला इन्फोसिसमधून माणसं वर्षाला २८.४ टक्के या वेगाने सोडून जात होती, कारण समोरच्या कंपनीत जास्त पगार मिळत होता. मार्च २०२४ पर्यंत तो वेग १२.६ टक्क्यांवर आला. बाहेर काही नाही म्हटल्यावर हातातली नोकरी कोण सोडेल? स्वारगेटला जाणारी एसटी साताऱ्यातच भरली आणि मधल्या थांब्यावर कुणी उतरलंच नाही, तर तिथे उभ्या असलेल्या माणसाला जागा कुठून मिळणार? तो वेळेवर आला होता का, सुट्टे पैसे हातात धरून उभा होता का, याचा तिथे काही उपयोग नसतो.

"मग मंदी आहे कुठे?" हा त्यांचा दुसरा प्रश्न. २०२३-२४ मध्ये देशाचं उत्पन्न ८ टक्क्यांहून जास्त वेगाने वाढलं हे खरं आहे. ती वाढ बांधकामात होती, कारखान्यांत होती, सरकारने रस्ते-रेल्वेवर केलेल्या खर्चात होती. तुमच्या मुलाला ऑफर देणारी कंपनी मात्र साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या बाजारावर चालत नाही, ती अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या गिऱ्हाइकांवर चालते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ मध्ये व्याजदर वाढवायला सुरुवात केली. तेव्हा तो शून्याला चिकटलेला होता, जुलै २०२३ मध्ये सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. पैसा महाग झाला तसे तिथल्या बँका आणि मोठी दुकानं नवीन सॉफ्टवेअरची कामं पुढे ढकलू लागली. वाईट वाटतं ते याचं की खुद्द अमेरिकेत त्या वर्षी मंदी आलीच नाही. एप्रिल २०२३ मध्ये तिथली बेरोजगारी ३.४ टक्के होती, १९६९ नंतरची सर्वांत कमी. मंदी येईल या धास्तीने तिकडच्यांनी हात आखडला आणि हिंजवडीतली भरती थांबली. तेव्हा देशाच्या वाढीचा आकडा मुलाच्या तोंडावर मारू नये. सरासरी आठ टक्के होती, पण त्याच्या वाट्याला आला तो नेमका आटलेला झरा.

आता पुढे काय होईल ते सांगते. तुम्हाला खोटा धीर द्यायचा नाही, म्हणून आधी हे सांगते की बाजार सुधारला तरी नोकऱ्या लगेच परत येत नाहीत. अमेरिकेतली मोठी मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ मध्ये संपली. सुरुवातीला बेरोजगारी ५ टक्के होती. मंदी संपली त्या महिन्यात ती ९.५ होती. आणि शिखर गाठलं, १० टक्क्यांचं, ते ऑक्टोबर २००९ मध्ये, मंदी संपल्यावर चार महिन्यांनी. पुन्हा ५ टक्क्यांवर यायला २०१५ उजाडलं.

असं का होतं, हे चाकण-भोसरीत काम केलेल्या कुणालाही विचारा. जुलै २०१९ मध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा जवळजवळ ३१ टक्क्यांनी पडली. अशा वेळी कारखान्यात आधी ओव्हरटाइम बंद होतो. मग एक पाळी कमी होते. मग कंत्राटी मुलांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगतात. मग 'ब्लॉक क्लोजर' म्हणून आठवड्यातले काही दिवस गेट बंद. कायम कामगार शेवटपर्यंत राहतो, कारण शिकलेला हात एकदा गेला की परत मिळत नाही हे मालकालाही माहीत असतं. मागणी परतते तेव्हा याच पायऱ्या उलट्या चढायच्या असतात. आधी ओव्हरटाइम, मग दुसरी पाळी, मग कंत्राटी, आणि कायम भरती सगळ्यात शेवटी. आर्थर ओकन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये हेच मोजून दाखवलं होतं. त्यांच्या हिशेबात उत्पादन साधारण ३ टक्क्यांनी खाली गेलं तर बेरोजगारी साधारण एका टक्क्याने वाढायची. मधला धक्का कंपन्या आपल्या अंगावर घ्यायच्या, कमी काम असूनही माणसं ठेवून. चढतानाही तसंच होतं, आधी त्या ठेवलेल्या माणसांना काम मिळतं. आयटीत या ठेवलेल्या माणसांना 'बेंच' म्हणतात. काम आलं की आधी बेंच रिकामा होणार, मग नवीन मुलं.

आणि नवीन मुलं घ्यायची वेळ येईल तेव्हा कंपनी थेट त्या वर्षीच्या कॅम्पसवर जाईल. २०२३ ची बॅच तिच्या यादीत नसेलच कदाचित. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण हे कळलं नाही तर मुलगा चुकीच्या दारात उभा राहील, म्हणून सांगितलंच पाहिजे. त्याने मोठ्या कंपनीत फ्रेशर म्हणून घेतील या आशेवर बसून राहू नये. त्याला आत जायचंय ते वर्ष-दीड वर्षाचा अनुभव हातात घेऊन, वेगळ्या रांगेतून. खाली जे सुचवते आहे ते सगळं या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

त्याआधी एक आकडा, कारण त्यात तुमच्या घराबद्दल काहीतरी आहे. आपल्या देशात मंदी आली की बेरोजगारीचा आकडा अमेरिकेसारखा उसळत नाही. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी कोसळलं. आणि सरकारी श्रमशक्ती पाहणीतला वर्षाचा बेरोजगारी दर? २०१८-१९ मध्ये ५.८ होता, २०१९-२० मध्ये ४.८, आणि २०२०-२१ मध्ये ४.२. कमी झाला! शहरातलं काम गेलेली माणसं गावी परतली आणि घरच्या शेतात राबू लागली. पाहणीत ती 'कामावर' ठरली. एकूण काम करणाऱ्यांत शेतीवर असलेल्यांचा वाटा याच काळात ४२.५ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेला. दोन माणसांच्या रानात पाच माणसं राबली, एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्या घरात चूल रोजच्या कमाईवर पेटते त्याला बेकार राहणं परवडतच नाही. तो मिळेल ते करतो आणि मोजणीतून निसटतो.

म्हणूनच आपल्याकडे बेकारी शिकलेल्यांत जास्त दिसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतावरच्या अहवालात पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के आहे, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के. याचा अर्थ शिक्षण वाया गेलं असा नाही. शिकलेल्या मुलामागे बहुधा थांबू शकणारं घर असतं. तुमचा मुलगा दीड वर्ष योग्य कामाची वाट पाहू शकला तो तुमच्या पगारावर आणि त्याच्या बाबांच्या पेन्शनवर. हा त्याचा गुन्हा नाही. तुम्ही दोघांनी आयुष्यभर जे कमावलं त्याचाच हा उपयोग आहे. फक्त त्याला मुदत असायला हवी.

ताई, तुमच्या पगारपत्रकात दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, तो पाहिला असेल. तो कुठून आला हे मुलालाही सांगा. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यात उभी राहिली, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने नोकरदारांवर हा कर बसला. ज्यांचा पगार चालू आहे त्यांनी, ज्यांचं काम गेलं त्यांच्यासाठी थोडं द्यायचं. पुढे देशाने हा विचार उचलला, आणि २०२०-२१ मध्ये देशभरात या हमीतून ३८९ कोटी मनुष्यदिवसांचं काम झालं. आदल्या वर्षी ते २६५ कोटी होतं. वाईट काळात आपोआप मोठी होणारी ही व्यवस्था आपल्या राज्यात जन्मली याचा मला अभिमान आहे. आणि त्याच राज्यात मंदीच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलासाठी अशी कुठलीच हमी नाही, याचा राग आहे. वर्षभर ऑफर लेटरवर मुलाला ताटकळत ठेवायचं आणि मग दोन ओळींत मोकळं व्हायचं, याची किंमत कंपनीला काहीच मोजावी लागत नाही. पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने लांबवलेल्या जॉइनिंगबद्दल केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रारी केल्या आहेत. तुमच्या मुलाने आपलं ऑफर लेटर आणि सगळे मेल जपून ठेवावेत. तक्रारीसाठी तर उपयोगी पडतीलच, मुलाखतीत त्याहून जास्त. का, ते सांगते.

पदवीनंतर काम न करता गेलेल्या काळाला इंटरव्ह्यूवाले 'गॅप' म्हणतात, आणि तुमच्या मुलाला त्याची भीती वाटत असणार. ती भीती अगदीच खोटी नाही. अमेरिकेत तीन अर्थशास्त्रज्ञांनी शंभर शहरांतल्या सुमारे ३ हजार जाहिरातींना १२ हजारांच्या आसपास बनावट अर्ज पाठवून पाहिले. बेकारीचे महिने वाढतील तसे बोलावणे कमी होत गेले, विशेषतः पहिल्या आठ महिन्यांत. पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली: ज्या शहरात मुळात बेकारी जास्त होती, तिथे गॅपचा फटका कमी बसला. सगळ्यांचीच नोकरी अडली आहे हे मालकालाही दिसत असतं. म्हणून मुलाने ते दीड वर्ष लपवू नये. "ऑफर होती, जॉइनिंग लांबलं, मग रद्द झालं, हे मेल" असं सरळ सांगावं. पाठोपाठ "मधल्या काळात मी हे केलं" असं एक वाक्य मात्र हवं. आज ते त्याच्याकडे नसेल. तीन महिन्यांत ते तयार करता येतं.

माझं स्वतःचं सांगते. मी २००२ मध्ये पदवी घेतली. डॉट-कॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा, फुगा फुटून गेला होता. माझंही ऑफर लेटर होतं, आईने ते देवघरात गणपतीच्या तसबिरीमागे ठेवलं होतं. जॉइनिंग पुढे जात राहिलं. एके दिवशी सकाळी पाहिलं तर तसबिरीमागे कागद नव्हता. आईने तो काढून कपाटात ठेवला होता. ती एक अक्षर बोलली नाही, मीही विचारलं नाही. शेवटी मी एका छोट्या कार्यालयात हिशेबाच्या नोंदी संगणकावर चढवायचं काम धरलं. पगार सांगायची लाज वाटायची. दोन वर्षांनी चांगली जागा मिळाली ती त्याच कामाच्या जोरावर, कारण तिथे मला विचारलेले सगळे प्रश्न त्या कंटाळवाण्या नोंदींबद्दलचे होते.

हे माझ्या एकटीचं नाही. मंदीत पदवी घेतलेल्या कॅनडातल्या विद्यार्थ्यांचा ओरिओपूलोस, फॉन वाख्टर आणि हाइस या तिघांनी बरीच वर्षं माग काढला. सुरुवातीला त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी होती. पाच वर्षांत ती तूट निम्म्यावर आली, आणि दहा वर्षांच्या आसपास जवळजवळ भरून निघाली. भरून निघाली ती बऱ्याच अंशी नोकरी बदलून. मंदीत लहान, कमी पगाराच्या ठिकाणी लागलेली ही मुलं बाजार सुधारल्यावर चांगल्या ठिकाणी सरकली. दहा वर्षं हा काही थोडका काळ नाही, आणि त्या तुटीत मुलाचा दोष काही नाही. पण पहिली नोकरी कमी पगाराची असली म्हणजे आयुष्य त्याच भावात गेलं असं होत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

म्हणून त्याला सांगा, शोध आयटीच्या मोठ्या नावांपुरता ठेवू नकोस. तो ई अँड टीसीचा आहे, हे मला जमेचं वाटतं. तुमच्याच भागातल्या साखर कारखान्यांत, सहवीजनिर्मिती प्रकल्पांत इन्स्ट्रुमेंटेशनची, म्हणजे यंत्रांवरची मोजमापाची आणि नियंत्रणाची उपकरणं सांभाळणारी, माणसं लागतात. सौर कृषिपंप बसवणाऱ्या कंपन्या आहेत. पुण्यात मेट्रोच्या सिग्नल यंत्रणेची कंत्राटं घेणारे आहेत, चाकण-रांजणगावला गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग बनवणारे मध्यम कारखाने आहेत. देशाची ती आठ टक्के वाढ जिथे झाली, ती ही ठिकाणं. पगार पंधरा-अठरा हजार म्हणतील. काम खरं असेल, हातात मीटर आणि समोर यंत्र असेल, तर घ्यावं. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत २०२४ मध्ये पदवीधराला सहा महिने दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन होतं, तोही एक मार्ग आहे. पण तिथे जागा निवडताना बघून घ्यावं. तालुक्याच्या कचेरीत सहा महिने फायली लावून त्याच्या अनुभवात काही भर पडणार नाही. एखाद्या कारखान्यात जागा मिळाली तर ती पकडावी.

एम.टेक. की एमपीएससी? मंदीत मुलं पुन्हा शिक्षणाकडे वळतात, हे जगभर होतं आणि ते चुकीचं नाही. रिकामं बसण्यापेक्षा शिकणं बरं. एखाद्या चांगल्या सरकारी संस्थेत विद्यावेतनासह एम.टेक. मिळत असेल तर जरूर जावं, दोन वर्षांनी बाजार वेगळा असू शकतो. कर्ज काढून कुठेतरी करायचं असेल तर नको. एमपीएससीचं मी जरा कडक बोलते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षं बसलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यातली कितीतरी अशीच मंदीत, दुसरं काही नाही म्हणून आली आणि अडकली. तेजी आली तेव्हा ती अभ्यासिकेतच होती. मुलाला प्रशासनात मनापासून जायचं असेल तर एक वही घेऊन शेवटच्या परीक्षेची तारीख आत्ताच लिहावी आणि त्यापुढे एक दिवसही थांबू नये. नुसता प्रश्नांपासून आडोसा हवा असेल, तर त्यासाठी हा फार महागाचा आडोसा आहे.

अकरा वाजता उठतो, त्याबद्दल. १९३१-३२ मध्ये ऑस्ट्रियात मारियनटाल नावाच्या गावातली कापड गिरणी बंद पडून जवळजवळ सगळं गाव बेकार झालं होतं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या संशोधकांनी सहकाऱ्यांसह त्या गावाचा अभ्यास केला. हाताशी एवढा रिकामा वेळ असूनही गावच्या वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं जवळजवळ निम्म्याने घटली होती. संशोधकांनी घड्याळ लावून रस्त्यावरची चाल मोजली. बेकार पुरुष सावकाश चालायचे, अधूनमधून नुसतेच थांबायचे. बायका झपझप जायच्या, कारण त्यांचं घरातलं काम संपलेलं नव्हतं. काम गेलं की वेळ मिळत नाही, वेळ विस्कटतो. तुमचा मुलगा आळशी झालाय असं त्याच्या बाबांना वाटतं. मला तो त्या रस्त्यात थांबलेल्या माणसांसारखा वाटतो. त्याला 'लवकर ऊठ' म्हणून काही होणार नाही. सकाळी आठला त्याच्याशिवाय अडेल असं काहीतरी असू द्या. तुमच्या शाळेतल्या मुलांना आठवड्यातून तीन दिवस विज्ञानाचे प्रयोग दाखवायला त्याला मुख्याध्यापकांच्या परवानगीने बोलवा. गावातल्या सौरपंपवाल्याबरोबर महिनाभर बिनपगारी फिरू दे. आणि जेवण सोडून तो खोलीत राहायला लागला, झोप पार उडाली, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

थोरलीलाही एक निरोप. ती आत आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तेजीत मिळालेला पगार कायमचा धरून मोठे हप्ते अंगावर घेऊ नयेत, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा. भावाला उपदेश करण्यापेक्षा त्याचा बायोडेटा स्वतः बसून नीट करावा आणि ओळखीच्या लहान कंपन्यांत रेफरल द्यावा. ही मदत बहिणीकडून आली तर त्याला घेता येईल. 'तिला मिळते' हे वाक्य घरात बंद झालं तरच मात्र. त्या वाक्याने दोन भावंडांमध्ये जी भिंत उभी राहते ती नोकरी लागल्यावरही पडत नाही. तुमच्या यजमानांना वरचे आकडे दाखवा, ते हिशेबी माणूस आहेत, त्यांना पटेल. आणि पटलं तर त्यांनी मुलाला तसं एकदा तोंडाने सांगावं. बाबांनी मनात माफ केलंय हे मुलांना आपोआप कळत नाही.

आता पुतणीचं लग्न. त्याला घरी ठेवून जाऊ नका, आणि तुम्ही एकट्या असताना एक, त्याच्यासमोर दुसरं असंही सांगू नका. निघायच्या आधी त्यालाच विचारा, "लोक विचारतील, काय सांगायचं आपण?" तो जे म्हणेल तेच सांगा. बहुतेक तो म्हणेल, "काही नको सांगू." मग तुम्ही त्याला एक वाक्य सुचवा: "त्याची ऑफर कंपनीने रद्द केली, सध्या तो इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम शोधतोय, तुमच्या कुणाच्या ओळखीत कारखाना असेल तर सांगा." मांडवात साखर कारखान्यातला कुणी ना कुणी असतोच. हे वाक्य तुम्ही, तो शेजारी उभा असताना, नेहमीच्या आवाजात म्हणा, जसं थोरलीबद्दल सांगता तसंच.